आधी तुमची झडती द्या

मले सासरी सगळे संशयी म्हणतात. म्हणू द्या. बाजारात बसून भाजी विकणारी बाई संशयी नसली तं समजून जा का तिचा काटा दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे. वजन करतानी मी गिऱ्हाइकाच्या हाताकडे पाहते, गिऱ्हाईक माह्या हाताकडे पाहते. त्यात राग कायचा? आमचे हे मात्र चिडतात. "तू तं देवाच्या मूर्तीमागंही पाहून येशीन," म्हणतात. येईनच. तिथी पुजारी काय ठेवते, कोणाले माहीत.

हा गुण मायकून आला. माहं माहेर नाचणगावचं. मी लहान होती तवा आमच्या म्हशीनं एकाएकी दूध आटवलं. काका म्हणे, करणी केली कोणी. काढाले भगत आणला. भगतानं गोठ्यात पाय ठेवल्याबरोबर डोळे फिरवले अन् म्हणे, "इथी लिंबू पुरून हाये." माय दारात आडवी झाली. म्हणे, "आधी शर्ट काढा. कोपरापर्यंत हात धुवा. धोतराचा सोगा सोडा, पाच जणायपुढं झटका, मंग खड्डा खोदा." आमच्याकडे ही रीतच होती, करणी काढणाराची आधी झडती. काऊन का बहुतेक करून लिंबू काढणाराच्याच कमरेतून निंघे. त्या भगतानं दुपारपर्यंत अर्धा गोठा खोदला, लिंबाची एक बी सापडली नाई. "या घरातली बाई खराब हाये," म्हणून दक्षिणा न घेता निंघून गेला. माय हसत हसत खड्डे बुजवत बसली. मले म्हणे, "काढणाराचा हात आधी पाहाव, खड्डा मंग."

मी लग्न होऊन सेलूकडे आली. भाजीपाल्याचं वावर, वर्ध्याचा बाजार. अन् आमचा जिल्हा दारूबंदीचा. दारू कोठी बंद झाली ते मले अजून सापडलं नाई, पण भाजीची गाडी थांबवाले तेवढं कारण पुरते. आमच्याच गावच्या एका माणसाच्या गाडीत पोलिसायले दोन बाटल्या सापडल्या, अन् ठाण्यात जाऊन कागद लिहेपर्यंत त्याचा खोका झाला. पंच कोण, तं दरवेळचेच दोघं, फाट्यावरच्या टपरीवर चहा पेत बसणारे. पोलीस सही करा म्हणतीन तिथी सही कराची, एवढाच त्यायचा धंदा. तो माणूस बोंबलत राह्यला. कोण ऐकते? तवापासून मी पोलिसाची गाडी दिसली का वांग्याच्या गोण्यायच्या गाठी मनातल्या मनात मोजाले लागो.

आता माह्या देराचं, म्हणजे ह्यायच्या लहान भावाचं सांगते. माह्या लग्नात तो पाचवीत होता. सासू लवकर गेली अन् त्याचा डबा, त्याची शाळा, त्याचं दुखणंखुपणं सगळं माह्या पदरात आलं. मी त्याले बाबू म्हणते, तो मले वैनी म्हणते. एकदा तापात त्यानं मले माय म्हणून हाक मारली होती. त्याले ते आठवत नाई, अन् मी कोणाले सांगत नाई. मोठा झाला तं आमच्या गाडीवर बसला. छोटा हत्ती म्हणतात ती गाडी, कागदावर माह्या नावाची, पण चालवे तोच. मंग त्यानं एसटीत ड्रायव्हरसाठी अर्ज केला. परीक्षा झाली, गाडी चालवून दाखवली, डोळे तपासले, सगळ्यात पास. फक्त पोलिसाकडून चारित्र्याचा दाखला यायचा बाकी होता. अंगावर एक जरी केस असली तं नाव कटते, असं त्याले सगळ्यायनं सांगून ठेवलं होतं. आमच्या घरात पह्यली सरकारी नोकरी येऊन उंबरठ्यावर उभी होती. मी तं त्याले भांडणाच्या जागी उभंही राहू देत नव्हती. गणपतीच्या मिरवणुकीतही त्याले जाऊ दिलं नाई. कोणाचा धक्का लागला अन् कोणाचं डोकं फुटलं, तं नाव कोणाचं येईन?

गोष्ट दसऱ्याच्या आधीची आहे. सकाळी आम्ही दोघं वर्ध्याले निंघालो. गाडीत वांगी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, अन् चवळीच्या शेंगा. मिरची नव्हती. त्या वर्षी मिरचीले फूलच धरत नव्हतं. उन्हं चांगली वर आली होती. फाट्यावर हवालदारानं हात दाखवला, बाजूले एक जवान शिपाई. देरानं गाडी शिस्तीत बाजूले घेतली, लायसन अन् गाडीचे कागद काढून हातात दिले. हवालदारानं कागद उलटूनही पाह्यले नाई.

"माल खाली करा," म्हणे. "खबर आहे."

माणूस इकडचा नव्हता, बोलणं पुण्याकडचं होतं.

"कायची खबर?" मी आतूनच विचारलं.

"आहे म्हटलं ना मावशी, खबर."

"कोणी देल्ली? कवा देल्ली? तुम्ही लिहून घेतली का?"

त्यानं माह्याकडे असं पाह्यलं का जसं गोणीतलं वांगंच बोललं. देर हळूच म्हणे, "वैनी, राहू दे. पाहू दे त्यायले. आपल्या गाडीत काय हाये?"

"आपल्या गाडीत नाई बाबू, त्यायच्या खिशात काय हाये ते मले पाहाचं हाये."

तेवढ्यात टपरीवरून दोन माणसं उठली. कोणी हाक मारली नाई, इशारा केला नाई. आपल्याच मनानं उठली अन् आमच्या गाडीकडे आली. तेच दोघं. मले सगळं कळल्यासारखं झालं. देराचा दाखला याच लोकायच्या हातात आहे, त्यायले माहीत आहे का पोट्टा नोकरीले लागून राह्यला, आता एक पव्वा टाकतीन गोणीत अन् मंग म्हणतीन, बोला किती देता. नाई तं आजच काऊन? रोज आम्ही याच रस्त्यानं जातो, रोज हाच हवालदार टपरीवर असते, अन् एवढ्या दिवसात त्यानं आमच्याकडे मान वर करून पाह्यलं नव्हतं.

मी खाली उतरली अन् मागं जाऊन फाळक्याले पाठ लावून उभी राह्यली.

"हे दोघं कोण?"

"पंच आहेत."

"अजून तुम्ही गाडीले हात नाई लावला, अन् पंच कसे काय उठून आले? यायले सपन पडलं का?"

बाजूले दोन-चार लोक जमले होते, ते हसले. हवालदार लाल झाला. "मावशी, सरकारी कामात अडथळा आणताय तुम्ही."

"मी झडतीले नाई म्हणतच नाई. पाहा ना. पण कायद्यानं पाहा. पंच हे दोघं नाई, फाट्यावरचे दुसरे कोणतेही दोन घ्या. आधी तुमची झडती द्या, मंग माह्या गोणीले हात लावा. अन् जे निंघन, जे कोणी बोलन, ते सगळं इथीच लिहा अन् इथीच वाचून दाखवा. ठाण्यात नेऊन नाई."

"कायदा शिकवता आम्हाला?"

"शिकवत नाई. आमच्या नाचणगावात भगतालेही आम्ही हेच करतो."

आता लोक चांगलेच जमले. एक ऑटो थांबला, त्यातल्या बायका मान काढून पाहून राह्यल्या. तिथी एक रिटायर मास्तर सकाळचे पायी फिराले येत, हातात काठी, डोक्याले कानटोपी. ते पुढं आले अन् अगदी शांतपणे म्हणाले, "हवालदार साहेब, बाई काही चुकीचं बोलत नाही. पोलिसांनी अंगझडती दिली असं पंचनाम्यात तुम्ही दरवेळी लिहिताच. आज देऊन लिहा."

मले वाटलं आता हा हवालदार मास्तरवर भडकन. तसं झालं नाई. तो हसला. "ठीक आहे," म्हणे, "तुम्हीच व्हा पंच. अजून एक कोण?" समोरचा केस कापणारा कटिंगवाला दुकानाचं शटर वर करून पाहत होता, त्याले बोलावलं. एवढ्या सहज मानलं त्यानं, का मले घामच फुटला. रागावलेला पोलीस मले समजते. हसलेला नाई समजत. मी मनात म्हटलं, यानं आधीच काही तरी टाकून ठेवलं असन. पण कवा टाकन? गाडी थांबल्यापासून मी फाळक्याले चिकटून होती, अन् दोघंही माह्या नजरेसमोर होते.

झडती झाली. कटिंगवाल्यानं हवालदाराचे खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी, कंगवा, मोबाइल, किल्ल्या. टोपी काढाले लावली, बुटात पाह्यलं. शिपायाची पाळी आली तवा ते पोट्टं शरमेनं कानापर्यंत लाल झालं, त्याच्या बनियनले मागून भोक होतं. वाईट वाटलं मले, पण मी म्हटलं, वाटू दे, वाईट वाटण्यानं कोणाची केस सुटत नाई. त्यायच्या मोटरसायकलची डिकी पाह्यली. काही नव्हतं. दोघायच्या बाह्या कोपराच्या वर सरकवाले सांगितल्या. चार हात, रिकामे, मी माह्या डोळ्यानं पाह्यले.

"झालं समाधान?" हवालदार म्हणे.

"झालं."

मंग गोण्या उतरल्या. वांगी रस्त्यावर ओतली. काटे टोचले तं शिपाई बोटं चोखत होता. सांबाराच्या जुड्या सोडल्या, शेंगा उपसल्या. काही नाई, काही नाई, काही नाई. माही छाती फुगत चालली. मी मास्तरकडे पाह्यलं, टपरीवरच्या त्या दोघायकडे पाह्यलं, अन् खरं सांगते, मले मजा येऊन राह्यली होती. असं वाटे का माय पाहाले पाह्यजे होती.

शिपायानं ड्रायव्हरची सीट उचलली. तिच्याखाली पेटी असते, पान्हे ठेवाची. त्यानं हात घातला अन् एक गाठोडं काढलं. हिरवं फडकं. सोडलं तं आत देशीचे चार पव्वे.

मी आधी शिपायाच्या हाताकडे पाह्यलं. बाही कोपराच्या वर होती, जशी मीच कराले लावली होती. त्यायनं टाकले नव्हते. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तं मी मानलं नसतं, पण इथी मीच साक्षीदार होती. मंग मी देराकडे पाह्यलं. तो त्या फडक्याकडे पाहत होता, अन् फडक्याकडून त्याची नजर माह्याकडे आली. काऊन का ते फडकं माह्या जुन्या लुगड्याचं होतं. मी फाटलेल्या लुगड्यायचे तुकडे करून रोपं बांधाले ठेवते, त्याची घडी घरात सगळ्यायले माहीत आहे.

अन् मंग मले आठवलं. आठ-दहा दिवसापह्यले वावरात आमचे हे मले म्हणाले होते, "देशी दारू पंपात टाकून फवारली का मिरचीले फूल धरते म्हणतात. गंज लोक, अर्धं गाव करून राह्यलं." देर तवा गाडी धुवाले गेला होता. मी म्हटलं होतं, "या जिल्ह्यात पेणाराले उजागिरीनं भेटत नाई, अन् तुम्ही मिरचीले पाजाले निंघाले? पोट्ट्याचा दाखला येऊन राह्यला, काही अक्कल? घरात एक थेंब आला तं मी तुम्हालेच फवारीन." ते मान हलवून कामाले लागले. माहा काही भरवसा बसला नाई. मी त्यायची पेटी पाह्यली, कोठ्यायमागं पाह्यलं, गोठ्यातला कडबा पाह्यला, पंप हुंगून पाह्यला. दोन-तीन दिवस पाह्यलं, मंग सोडून देल्लं. गाडीत नाई पाह्यलं. गाडीत मी कधीच पाहत नाई, ते देराचं राज्य. अन् ही गोष्ट ह्यायले माहीत होती.

तेवढ्यात शिपायानं कागद काढला अन् देराले विचारलं, "नाव सांग."

"मी नाई ठेवलं साहेब," देर म्हणे. त्याचा आवाज पाचवीतल्या पोरासारखा झाला होता.

"सीट कुणाची? गाडी कोण चालवतं?" हवालदार म्हणाला. "नाव सांग."

मले त्या पेनाचं टोक दिसत होतं. ते टेकलं का संपलं.

"माहं हाये ते," मी म्हटलं.

"वैनी?"

"मिरचीवर फवाराले आणलं. मीच ठेवलं. त्याले माहीत नाई. लिहा."

लोक हसले. "मिरचीले पाजते का काकू?" कोणीतरी मागून म्हटलं. हवालदारानं हात झटकला. "मावशी, असं नसतं. ज्याच्या सीटखाली सापडलं त्याचा ताबा. तुम्ही बाजूला व्हा."

"काऊन बाजूले होऊ? गाडी माह्या नावाची, भाजी माह्या वावरातली, फडकं माह्या लुगड्याचं. अन् जे कोणी बोलन ते इथीच लिहाचं, असं मी पह्यलेच सांगितलं. तुम्ही ठीक आहे म्हटलं. मी बोलून राह्यली, लिहा."

त्यानं मास्तरकडे पाह्यलं. मास्तर म्हणाले, "बाई म्हणाली ते लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही." कटिंगवाला आधी गडबडला, मंग तोही म्हणे, "मास्तर करतीन तं मी करीन." टपरीवरचे ते दोघं असते तं त्यायनं कोऱ्या कागदावर सही केली असती अन् देर तिथंच कामातून गेला असता. हवालदारानं दात खाऊन लिहिलं. बाटल्या बाईनं स्वतःच्या असल्याचं सांगितलं, फवारणीसाठी आणल्याचं सांगितलं, चालकाला माहिती नसल्याचं सांगितलं. मी दोनदा वाचाले लावलं. मंग सही केली. ठाण्यातून बाईपोलीस आली, गाडी जप्त झाली, वांगी रस्त्यावरच राह्यली. दिवस बुडाच्या आत मले जामिनावर सोडलं.

देर मले घेऊन घरी आला. रस्ताभर तोंड दुसरीकडे करून होता. मले वाटलं, भेदरला.

तो बैलायले पाणी पाजाले गेला तवा मी आमच्या ह्यायले घरात ओढलं. विचाराची गरजच नव्हती, तोंडच उतरलं होतं. म्हणे, "मिरचीले फूल धरत नव्हतं. घरात ठेवलं असतं तं तुले सापडलं असतं." ऐका! म्हणजे माह्या संशयापायी दारू पोट्ट्याच्या सीटखाली गेली. मी डोक्याले हात लावला. हातात उलथणं होतं, ते फेकून मारलं, कोपऱ्यातल्या पाण्याच्या गुंडाले लागलं. त्या माणसानं आयुष्यात दारू चाखली नाई, बाटली कोणत्या बाजूनं उघडते ते माहीत नाई, अन् चार पव्वे आणून बसला मिरचीसाठी. "मी जातो ठाण्यात," म्हणे, "खरं सांगतो."

"खबरदार," मी म्हटलं. "तुम्ही तिथी जाऊन काय बोलशान त्याचा मले भरवसा नाई. माहं खोटं निंघालं का मंग ते म्हणतीन, सगळं घरच खोटं बोलते, ज्याच्या सीटखाली सापडलं त्यालेच धरा. अन् बाबूलेही नाई सांगाचं. तो तुमच्यासाठी धावत जाईन अन् वैनी खोटं बोलली म्हणून सांगून येईन. त्याले ओळखते मी."

ते रडले. बाप गेला तवा रडले होते, त्याच्यानंतर आता. "त्याच्या नजरेतून उतरीन मी," म्हणत. मले राग होता, पण काय करता. मी गुंड उचलून सरळ ठेवला.

वर्ध्याचा वकील हुशार माणूस. त्यानं आधी खबरीचं काढलं. काही दिवसांनी म्हणाला, "मावशी, ठाण्यात खबरीची नोंदच नाही. कुणी काही सांगितलं नव्हतं. उगाच थांबवली गाडी. थांबवायला कारण नाही, झडतीला आधार नाही, इथेच धरू आपण त्यांना." म्हणजे खबरीवरचा माहा पह्यला संशय खरा होता. पण बाटल्या निंघाल्यावर मले ती खबर खरी वाटली. कोणी चुगली केली, कोणी केली, म्हणून मी अर्ध्या गावाशी बोलणं बंद केलं होतं, अन् चुगली कोणीच केली नव्हती. हवालदारानं हात दाखवला, बस.

मंग त्यानं पंचनामा वाचाले घेतला. "पंच नेहमीचेच असतील. ते उलटतपासणीत पडतात."

"नाई. मी बदलाले लावले. एक मास्तर हाये."

"अंगझडती? ती कुणी देत नाही, नुसती लिहितात."

"देल्ली. बुटं काढाले लावले मी."

"मग लिहिला ठाण्यात असेल."

"तिथीच लिहिला. दोनदा वाचून घेतला."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही पोलिसांच्या बाजूने होता की स्वतःच्या?" मले हसू आलं. तोही हसला. मंग म्हणे, "तरी लढू. खबर नाही हे आपलं हत्यार. मास्तरांचं वय झालंय, थोडं गोंधळवता येईल. सुटाल तुम्ही."

मी विचारलं, "केस लढली तं ड्रायव्हरले बोलावतीन का?"

"त्याला तर आधी बोलावतील. त्याला खरंच माहिती नव्हती का, हेच सरकारी वकील खोदणार."

"अन् मास्तर गोंधळले, पंचनामा पडला, तं मी जे बोलली तेही पडते?"

"तेही पडतं."

"मंग बाटल्या कोणाच्या?"

वकील हुशार माणूस, समजला. तवापर्यंत देराचा दाखला आला होता. साक्षीदार म्हणून नाव होतं, आरोपी म्हणून नव्हतं, तेवढ्यानं निभावलं. एसटीचे कपडे शिवाले टाकले होते. मी म्हटलं, "लढाचं नाई."

"मावशी, केस सुटते तुमची!"

"माही सुटन, अन् त्याची अडकन."

सेलूच्या कोर्टात मी उभी राह्यली. हवालदार आला होता, कपडे इस्त्रीचे. जज साहेबायनं विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी म्हटलं, आहे. "झडतीबद्दल, पोलिसांबद्दल काही तक्रार?" मले त्या घडीले काय काय आठवलं. खबर खोटी होती. पंच आधीच उठले होते. गाडी थांबवाचं काही कारणच नव्हतं, आमच्या मागच्या गाडीले थांबवलं असतं तं हे काहीच झालं नसतं. हे सगळं माह्या तोंडापर्यंत आलं. हवालदार माह्याकडे पाहत होता. त्याले वाटत असन, आता ही बाई तमाशा करते.

"तक्रार नाई साहेब," मी म्हटलं. "झडती बरोबर होती. मीच करून घेतली."

दंड झाला, अन् कोर्ट उठेपर्यंत बसाची शिक्षा. मागच्या बाकावर बसून राह्यली. लोकायच्या वावराच्या धुऱ्याबांधायच्या भांडणाच्या केसेस ऐकल्या. एका बाईनं जावेवर कोंबडीची केस केली होती, ती ऐकतानी तं मी शिक्षाच विसरली. संध्याकाळी कोर्ट उठलं.

बाहेर आमचे हे अन् देर उभे होते. देर ड्युटीवरून सरळ आला होता, खाकी कपडे, छातीवर बिल्ला. पह्यल्यांदा त्याले मी त्या कपड्यात पाह्यलं. घरी तो आता कमी येते, आगाराजवळच खोली घेतली. त्याच्या खांद्यावरची धूळ झटकाले मी हात पुढं केला, तं तो जरासा मागं सरकला.

"वैनी, एक विचारू?" तो म्हणे. "इतके दिवस केस होती म्हणून नाई विचारलं."

"विचार."

"तुले माहीत होतं माहा दाखला याचा हाये. घरात सगळ्यात जास्त तुलेच माहीत होतं. तरी तू ते माह्या सीटखाली ठेवलं, मिरचीपायी. मले सांगितलं असतं तं मी दुसरीकडे ठेवलं असतं, नाई तं गाडीच काढली नसती त्या दिवशी. एकदाही माहा विचार नाई आला तुह्या मनात?"

मी ह्यायच्याकडे पाह्यलं. केस संपली होती, आता बोलले असते तं कोणाचं काही बिघडत नव्हतं. ते बोलतीन म्हणून मी थांबली, चांगली थांबली. ते आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते. दोघायले एकमेकांशिवाय रक्ताचं कोणी नाई. मी दुसऱ्या घरून आलेली.

"नाई आला," मी म्हटलं.